तोपर्यंत दुसरं काय वाचू?

प्रश्न थोडक्यात असा: एका सार्वजनिक वाचनालयात वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या ग्रंथपालांनी विचारलंय, "सगळ्यांना तीच आठ-दहा गाजलेली पुस्तकं हवी असतात. त्यांची प्रतीक्षा यादी संपत नाही आणि बाकीची कपाटं धूळ खात पडली आहेत. 'अवश्य वाचावीत अशी पुस्तकं' असा फलक लावला, तर कोणी ढुंकून पाहिलं नाही. शिवाय मी स्वतः फार वाचलेलं नाही. मग कोणत्या तोंडाने कुणाला पुस्तक सुचवू?"

फलकापासूनच सुरुवात करते, कारण अगदी तसाच फलक मीही माझ्या वाचनालयात लावला होता. अक्षर सुंदर, यादी उत्तम, शेजारी फुलांची नक्षी. महिनाभरात त्या यादीतलं एकही पुस्तक जागचं हललं नाही. तेव्हा वाचकांचा रागच आला होता. पुढे एका आजींनी सहज विचारलं, "बाई, हा अभ्यासक्रम आहे का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'अवश्य' म्हटलं की माणसाला शाळा आठवते, आणि संध्याकाळी थकून वाचनालयात येणाऱ्या माणसाला शाळा नको असते.

तुमच्या प्रश्नात 'वाचकांची रुची कशी वाढवू' असा सूर आहे. माझ्या मते अडचण रुचीची नाहीच. अडचण निवडण्याची आहे. कपाटांमध्ये हजारो पुस्तकांच्या पाठी एका रांगेत उभ्या आहेत, वाचकाकडे वेळ पंधरा मिनिटं, आणि चुकीचं पुस्तक नेलं तर पुढचा आठवडा फुकट. गाजलेलं पुस्तक ही जोखीम उचलतं. चार जणांनी वाचलंय, म्हणजे अगदीच टाकाऊ नसणार. वाचून झाल्यावर बोलायला विषयही मिळणार. ते मागणारा वाचक आळशी नसतो, सावध असतो. तुम्हाला त्याला दुसरं पुस्तक द्यायचं असेल, तर निवडीची तेवढीच जोखीम तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्यायला हवी. मी खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी हे कबूल करते की माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही. तुमच्याकडे मुक्तद्वार पद्धत आहे की पुस्तकं काउंटरवरून मागवावी लागतात, यावर बरंच ठरतं. वाचक कपाटांपर्यंत जाऊ शकत नसेल तर मांडणीचे उपाय निम्म्याने बाद होतात आणि सगळा भार बोलण्यावर येतो. काउंटरवर तुम्ही एकट्या असाल आणि संध्याकाळी सहा वाजता रांग दारापर्यंत जात असेल, तर निवांत गप्पा शक्य नाहीत. नोंदी संगणकावर आहेत की रजिस्टरमध्ये, यानेही फरक पडतो. पण मूळ काम दोन्हीकडे सारखंच.

सगळ्यांनाच वळवायला जाऊ नका. काउंटरवर गाजलेलं पुस्तक मागणारे तीन प्रकारचे लोक असतात. एकाला तेच हवं असतं आणि थांबायची तयारी असते. त्याचं नाव यादीत घाला आणि त्याला सोडून द्या. दुसऱ्याला ते हवं असतं, पण आज रिकाम्या हाताने जायचं नसतं. तिसऱ्याला काय हवं ते ठाऊक नसतं आणि ऐकलेलं एकच नाव तो उच्चारतो. तुमचं काम दुसऱ्या आणि तिसऱ्याशी आहे. पहिल्याला उपदेश केलात तर तो पुस्तकही नेणार नाही आणि पुन्हा काही विचारणारही नाही.

दुसरा प्रकार सगळ्यात सोपा, आणि आपण तोच वाया घालवतो. प्रतीक्षा यादीत नाव लिहिताना आपण म्हणतो, "तुमचा नंबर तेविसावा." संपलं. खरं तर त्या क्षणी वाचकाने आपल्याला काय वाचावंसं वाटतंय ते अगदी नेमकं सांगितलेलं असतं. मी त्या ठिकाणी एक शब्द जोडायला शिकले: "तोपर्यंत." तेविसावा नंबर आहे, तोपर्यंत हे बघता का? काउंटरच्या मागे, हाताच्या अंतरावर एक छोटा कप्पा केला आणि सध्या मागणी असलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी त्यात दोन-तीन जोडीदार ठेवले. पुस्तक शोधायला उठावं लागलं तर गर्दीच्या वेळी आपण उठत नाही, हा स्वतःचा अनुभव. म्हणून ते हाताशी हवं.

हे जोडीदार निवडायचे कसे, हा खरा कौशल्याचा भाग. इथे माझी एक फसलेली गोष्ट सांगते. एक निवृत्त गृहस्थ यायचे. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचून परत आले आणि म्हणाले, "असंच काहीतरी द्या." मी त्याच कालखंडावरच्या आणखी तीन कादंबऱ्या दिल्या. दोन दिवसांत तिन्ही परत. "यात ते नाही," एवढंच म्हणाले. मला राग आला, पण मग विचारलं, आधीच्या पुस्तकात नेमकं काय आवडलं? ते खुलले. लढाया त्यांनी चक्क उलटून टाकल्या होत्या. त्यांना आवडले होते दरबारातले डाव: कोण कुणाच्या बाजूला, कोण गप्प बसून काय साधतो. उभी नोकरी त्यांनी मोठ्या कचेरीत काढली होती! त्यांना मी एका प्रशासकाचं आत्मचरित्र दिलं. त्या पुस्तकाच्या मागची तारीख-चिठ्ठी, म्हणजे पुस्तक नेताना जिच्यावर शिक्का मारतात ती, सहा वर्षं कोरी होती. पुढचे कित्येक महिने ते आत्मचरित्रंच वाचत राहिले आणि ऐतिहासिक विभागाकडे फिरकलेही नाहीत.

म्हणजे 'असंच' या शब्दाचा अर्थ 'याच विषयावरचं' असा क्वचितच असतो. वर्गीकरण विषयावर चालतं, वाचकाचं मन त्यावर चालत नाही. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यासाठी चार दरवाज्यांची कल्पना मांडली आहे. वाचक पुस्तकात शिरतो तो कथानकाच्या, पात्रांच्या, स्थळकाळाच्या किंवा भाषेच्या दारातून. प्रत्येक पुस्तकात चारही दारं असतात, पण कुठलं तरी एक जास्त रुंद असतं. मी याकडे केवळ सिद्धांत म्हणून पाहत नाही, कान तयार करायला ते वापरते. "खाली ठेववेना, रात्री दोन वाजले" असं कुणी म्हणालं की ते कथानकाचं दार. "त्या बाईचं पुढे काय झालं असेल हो?" हे पात्रांचं. "तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं" हे स्थळकाळाचं. आणि "काही वाक्यं वहीत उतरवून घेतली" म्हणणारा वाचक दुर्मीळ, पण त्याला काहीही द्या, लेखनाचा पोत चांगला असला की तो विषय विचारत नाही. वाचकांना पुस्तक सुचवण्याच्या याच कामावर लिहिणाऱ्या जॉइस सॅरिक्स यांनी वेग आणि एकूण सूर हेही मुद्दे मांडले आहेत. त्यातला वेग मला फार उपयोगी पडतो. रहस्यकथा आवडणाऱ्याला संथ रहस्यकथा दिली तर तो कंटाळतो, पण वेगवान प्रवासवर्णन दिलं तर नेतो.

म्हणून "कोणता प्रकार आवडतो?" हा प्रश्न मी सोडून दिला. त्यावर लोक "काहीही चालतं" म्हणतात किंवा आपण चांगले दिसू असं उत्तर देतात. त्याऐवजी म्हणा, "अलीकडे आवडलेलं एखादं पुस्तक सांगा ना." मग गप्प बसा. हे गप्प बसणं जमायला मला काही वर्षं लागली. आपल्याला नाव ऐकताक्षणी दहा पुस्तकं आठवतात आणि तोंड उघडतं.

दुसरा प्रश्न: "आत्ता कसं वाचावंसं वाटतंय?" कॅनडातल्या संशोधक कॅथरिन शेल्ड्रिक रॉस यांनी वाचनाची आवड असलेल्या जवळजवळ दोनशे लोकांच्या मुलाखती अभ्यासल्या. त्यांना दिसलं की पुस्तक निवडताना बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात मनःस्थितीपासून होते. दगदगीच्या दिवसांत ओळखीचं, निर्धास्त काहीतरी, आणि निवांतपणी नवं, अवघड काहीतरी. काउंटरवर हे रोज दिसतं. एरवी गंभीर वाचणाऱ्या बाई घरात आजारपण आलं की हलकंफुलकं मागतात. त्या वेळी "तुम्ही हे वाचता?" असा भाव आपल्या चेहऱ्यावर उमटला तर माणूस कायमचा तुटतो.

आणि तिसरा, जो मी फार उशिरा विचारायला लागले: "काय नको?" याचं उत्तर लोक चटकन आणि खरं देतात. लहान मुलाचा मृत्यू नको. बारीक टाइप नको. पाचशे पानं नकोत. शेवट रडका नको. निम्मं कपाट इथेच गळून पडतं.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते: "मी फार वाचलेलं नाही." कुणीच वाचलेलं नसतं. माझ्या मागच्या कपाटांतलं एक टक्का तरी मी वाचलं असेल का, शंकाच आहे. सुचवण्यासाठी पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं लागत नाही, त्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ बघा, पहिली दोन पानं नीट वाचा, मग मधलं एखादं पान, आणि शेवटाकडची एक-दोन, शेवट फुटला तरी चालेल. संवाद जास्त आहेत की वर्णन? प्रकरणं छोटी की लांबलचक? सांगणारा कोण, 'मी' की तिऱ्हाईत? टाइप किती मोठा? जाडी किती? मी रोज एक पुस्तक असं बघते, दुपारच्या शांत वेळेत. एका वहीत दोन ओळी लिहिते. विषय लिहीत नाही, तो तालिकेत (कॅटलॉगमध्ये) आहेच. लिहिते ते असं: "सावकाश, पाऊस पावलोपावली, भावाबहिणीचं भांडण, शेवट मोकळा." गर्दीत ही वही माझ्यापेक्षा जास्त आठवते.

न वाचलेलं पुस्तक वाचल्याचं सोंग मात्र करू नका. "मी वाचलेलं नाही, पण ज्यांना तुमच्यासारखं अमुक आवडतं त्यांनी नावाजलंय" हे वाक्य पुरेसं आहे, अर्थात ते खरं असेल तरच. ते खरं व्हावं म्हणून परत येणाऱ्या वाचकाला विचारत जा. "आवडलं ना?" असं विचारू नका, त्यावर फक्त "हो हो" येतं. "कुठपर्यंत वाचलंत?" विचारा, खरं कळतं.

देताना एक देऊ नका, दहाही देऊ नका. मी तीन ठेवते: एक अगदी जवळचं, एक थोडं बाजूचं, आणि एक जरा धाडसाचं. लोक बहुधा पहिलं नेतात. धाडसाचं कुणी नेलं की तो दिवस माझा. कपाटाकडे बोट दाखवण्यापेक्षा शक्य असेल तर सोबत जा आणि पुस्तक हातात द्या. हातात आलेलं पुस्तक माणूस उघडतोच. आणि निघताना सांगा की नाही आवडलं तर न वाचता परत आणा. पर्ल यांचाच एक गमतीशीर नियम मी वाचकांना ऐकवते: पन्नास पानं वाचा, नाही रमलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून आपलं वय वजा करा, तेवढीच पानं वाचा. सत्तरीच्या वाचकांना हा फार आवडतो, तीस पानांत सुटका! गंमत बाजूला ठेवली तरी या परवानगीने जोखीम खरोखर कमी होते. घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे असं वाटणारा माणूस अनोळखी पुस्तक घेत नाही.

आता धूळ खाणारी कपाटं. इथे थोडा धीर देते: हे फक्त तुमच्याकडेच होत नाही. ग्रंथालयांच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ट्रूस्वेल यांनी १९६९ साली मांडलं की ग्रंथालयातली साधारण ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के संग्रहावर चालते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आणखी बोचरा होता. एका वर्षी घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ते विद्यापीठाचं ग्रंथालय, आपल्यासारखं नव्हे, पण कल तोच.

मात्र न गेलेलं पुस्तक म्हणजे नको असलेलं पुस्तक, असं लगेच धरू नका. एक काम करून बघा. एखादं कपाट निवडा आणि तीन वर्षांत चिठ्ठीवर शिक्का न पडलेली पुस्तकं बाहेर काढून टेबलावर मांडा. मग प्रत्येकाला विचारा, तू का गेला नाहीस? मी केलं तेव्हा कारणं साहित्यिक निघालीच नाहीत. काही सगळ्यात खालच्या कप्प्यात होती, जिथे गुडघे दुखणारा वाचक वाकतच नाही. काहींच्या पाठीवरचं नाव पुसलं गेलं होतं. बांधणी करताना काहींना सरसकट तपकिरी कापड चढवलं होतं, मुखपृष्ठ गायब. एका मालिकेचा पहिला भाग हरवला होता आणि बाकीचे चार भाग निमूट उभे होते. एक अतिशय विनोदी पुस्तक शीर्षकामुळे शेतीच्या कपाटात गेलं होतं. यातलं बरंचसं एका आठवड्यात आणि फारसा खर्च न करता दुरुस्त होतं. जी खरोखरच कालबाह्य किंवा फाटकी निघतील त्यांचं नियमानुसार निर्लेखन करा, म्हणजे ती संग्रहातून काढून टाका. कपाट गच्च भरलेलं असलं की चांगलं पुस्तकही दिसत नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांची १९३१ सालची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आपण सगळे परीक्षेपुरती पाठ करतो. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे दुसरं, 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हे तिसरं. मुक्तद्वार पद्धतीची बाजू त्यांनी या तिसऱ्या सूत्राखाली मांडली आहे, हे मला नोकरीत बरीच वर्षं गेल्यावर नीट कळलं. वाचक कपाटापर्यंत जाऊ शकला पाहिजे, कारण पुस्तकाला चालत वाचकाकडे जाता येत नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. प्रवेशाजवळ किंवा काउंटरच्या समोर, नजरेच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून पाच-सात पुस्तकं ठेवा. कोपऱ्यातलं टेबल नको. ग्रंथालय-संशोधक शॅरन बेकर यांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास केला होता. दर्शनी मांडलेली पुस्तकं जास्त जातात आणि त्यात मोक्याच्या जागेचा वाटा मोठा असतो, असं त्यांना आढळलं. जास्त मांडू नका, पन्नास मांडली की तेही एक कपाटच होतं. एखादं गेलं की ती जागा लगेच भरा. आणि वरच्या पाटीवर विषय लिहू नका. 'ऐतिहासिक कादंबऱ्या'पेक्षा 'एका रविवारात संपणारी', 'दीडशे पानांच्या आत', 'खळखळून हसवणारी' अशा पाट्यांसमोर माणसं थांबतात, कारण तिथे निवडीचं निम्मं काम झालेलं असतं.

एक लबाडीही सांगून टाकते. परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली वाचकांना फार आवडते. कपाटाकडे न जाता लोक तीच चाळतात, कारण कुणीतरी नुकतं वाचलेलं म्हणजे खात्रीचं. मी त्या ट्रॉलीत रोज चार-पाच न गेलेली पुस्तकं हळूच सरकवते. खोटं काहीच बोलत नाही, फक्त उभं राहायला चांगली जागा देते. तुम्हाला हे पटलं नाही तर सोडून द्या, पण माझ्या अनुभवात एवढ्या कमी कष्टांत एवढं काम दुसऱ्या कशाने झालेलं नाही.

एक सावधगिरी. वाचकाला जुन्या वाचनावरून सुचवताना रांगेसमोर मोठ्याने "मागच्या वेळी तुम्ही अमुक नेलं होतं" म्हणू नका. कोण काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे. घटस्फोट, आजार, कर्ज अशा विषयांवरची पुस्तकं नेणारा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून नेत असतो. त्याला तो आवाज आठवडाभर ऐकू येतो.

गाजलेल्या पुस्तकांच्या जास्त प्रती घ्याव्यात का, असाही एक उपप्रश्न तुमच्या बोलण्यात दडलेला दिसतो. थोड्या घ्या, पण यादी संपवण्याच्या नादी लागू नका. दोन वर्षांनी त्याच बारा प्रती कपाट अडवून बसतात. आणि ती पुस्तकं तुमची शत्रू नाहीत. ज्या वाचकाने वर्षभर काही वाचलं नव्हतं तो त्यांच्यासाठी दारात आला आहे. तो आत आला नसता तर 'तोपर्यंत' म्हणायला तुमच्यासमोर कुणी नसतं.

तो फलक काढू नका, चौकट चांगली असेल. फक्त वरची ओळ पुसा आणि यादीच्या जागी वाचकांच्या चिठ्ठ्या लावा. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने एक ओळ लिहायची, नाव लिहायची सक्ती नाही. माझ्याकडच्या अशा फलकावर एकाने लिहिलं होतं, "पहिली चाळीस पानं कंटाळवाणी, नंतर स्टेशन चुकलं." ते पुस्तक नंतर बरेच महिने कपाटात दिसलंच नाही, आणि आता त्यालाच प्रतीक्षा यादी आहे.